नाक-डोळ्यांची आरटी-पीसीआर

मंडळी, आजचा विषय जरा कडू आहे. शनिवारच्या चहाची चव बिघडली तर आधीच सॉरी!

'चिंकी', 'मोमो' हे शब्द आपल्याकडे जुनेच. २०२० मध्ये त्यात 'ए कोरोना'ची भर पडली. मणिपूर, मिझोराम, नागालँडच्या पोरापोरींना उद्देशून. कोणी हटकलं की उत्तर ठरलेलं, "अरे गंमत केली यार, एवढं काय त्यात!" ठीक आहे. या गमतीचा आज हिशोब करू. नाहीतरी आपण आयटीवाले, डेटाशिवाय बोलायचं नाही असं आपणच सगळ्यांना ऐकवत असतो ना?

तर डेटा. २२ मार्च २०२०, जनता कर्फ्यूचा दिवस. दिल्लीत एका मणिपुरी तरुणीवर एक इसम पान खाऊन थुंकला आणि 'कोरोना' म्हणाला. त्या दिवशी मणिपूरमध्ये रुग्ण किती? शून्य! तिथला पहिला रुग्ण २४ मार्चला सापडला, आणि तोही ब्रिटनहून परतलेला. त्याच आठवड्याच्या शेवटी म्हैसूरच्या एका सुपरमार्केटमध्ये नागालँडच्या दोन तरुणांना आत घेतलं नाही, कारण काय तर तुम्ही भारतीय दिसत नाही. नागालँडमध्ये तेव्हा किती रुग्ण? पुन्हा शून्य. एप्रिलमध्ये आपल्या मुंबईत, सांताक्रूझ भागात, एक बाइकवाला मणिपुरी तरुणीवर थुंकून गेला.

आणि महाराष्ट्रात? २२ मार्चलाच आपला आकडा सत्तरच्या पुढे होता. म्हणजे तर्काने चालायचं तर त्या पोरींनीच आपल्याला बघून रस्ता बदलायला हवा होता!

बरं, आपल्याकडे तो आला कसा? ९ मार्चला पुण्यात सापडलेले राज्यातले पहिले रुग्ण दुबईची सहल करून आले होते. त्याच ग्रुपमधले आमच्या यवतमाळचे प्रवासी पुढच्या काही दिवसांत पॉझिटिव्ह निघाले. दोष त्यांचाही नाही, सहलीला जाणं हा काही गुन्हा नव्हे. मुद्दा एवढाच की व्हायरस आला तो आपल्यासारख्याच दिसणाऱ्या, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या माणसांबरोबर. आपण मात्र बारीक डोळे शोधत बसलो. असा टेस्ट केस कोणी लिहिला असता तर कोड रिव्ह्यूमध्ये आपण त्याची धुलाई केली असती.

"पण व्हायरस चीनमधूनच आला ना?" हो, पहिल्यांदा वुहानमध्येच सापडला. चीन सरकारने माहिती दडवली म्हणून बोंबला ना, खुशाल बोंबला, मीही येतो सोबत. पण त्याचा जाब इम्फाळहून पुण्यात नोकरीला आलेल्या मुलीला विचारायचा? अहो, वुहानहून भारतात आलेली पहिली रुग्ण केरळची विद्यार्थिनी होती! आणि समजा समोरचा खरंच चिनी असला, तरी नाकाच्या ठेवणीवरून त्याच्या फुफ्फुसातलं कळत नाही.

आता जरा आपली पाळी बघू. फेब्रुवारी २०२१ मध्ये यवतमाळ, अमरावती, अकोल्यात रुग्ण भराभर वाढले. लगेच बातम्यांत 'अमरावती स्ट्रेन', 'विदर्भ स्ट्रेन' सुरू. तेव्हा आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना झोंबलंच. एरवीही पुण्यात गाव सांगितलं की "यवतमाळ? म्हणजे ते शेतकरी आत्महत्यावालं?" हे ऐकून घ्यावं लागतंच. अख्ख्या जिल्ह्याची ओळख एका दुःखावर चिकटवून टाकायची.

मग मे २०२१. जगभर 'इंडियन व्हेरियंट' म्हणायला लागले. आपलं सरकार संतापलं, सोशल मीडिया कंपन्यांना हा शब्द असलेला मजकूर काढायला सांगितलं. ३१ मेला जागतिक आरोग्य संघटनेने त्याचं नाव 'डेल्टा' ठेवलं. चांगलंच झालं! आजाराला गावाचं, देशाचं नाव देऊ नका असं ही संघटना २०१५ पासून सांगते आहे. पण वर्षभर 'चायनीज व्हायरस'चे जोक फॉरवर्ड करणारेच तेव्हा देशाच्या अपमानाने कळवळत होते, हे विसरायचं कसं?

इतिहासात तर यजमान कायम आपणच. गोऱ्या साहेबाने कॉलऱ्याला 'एशियाटिक' ठरवलं. १९१८ च्या फ्लूला हिंदुस्थानात 'बॉम्बे फीव्हर' म्हणत. अमेरिकेत ऑनसाइट गेलेल्यांना तर ठाऊकच असेल, तिथल्या कागदावर 'एशियन'च्या चौकटीत आपणही असतो. तिथे अपमान झाला की तो वंशवाद, आणि हिंजवडीत आपण केला की गंमत?

बरं, माणुसकी बाजूला ठेवा, स्वार्थ तरी बघा. आजाराची लाज वाटायला लागली की माणसं ताप लपवतात, टेस्ट टाळतात. लपवलेला आजार पसरतो, आणि पसरताना चेहरा बघत नाही.

गृहखात्याने २१ मार्च २०२० लाच राज्यांना पत्र पाठवून ईशान्येच्या लोकांचा छळ थांबवायला सांगितलं होतं. त्याआधी, २०१४ मध्ये, बेझबरुआ समितीने कायद्यात वेगळी कलमं घाला म्हणून शिफारस केली होती. पत्रं, समित्या सगळं झालंय. पण कॅन्टीनच्या टेबलावर पत्र काम करत नाही, तिथे आपण बसलेले असतो.

तेव्हा पुढच्या वेळी 'गंमत' झाली की हसू नका. "यात गंमत काय ते जरा समजावून सांग" एवढंच विचारा. समजावता येत नाही हो कोणाला. फ्लॅटमालक 'नॉर्थ-ईस्टवाले नकोत' म्हणाला तर आपणही तो फ्लॅट सोडा. थोडं नुकसान होईल. पुढची साथ येईल तेव्हा ती कुठल्या गावाच्या नावाने येईल सांगता येत नाही. आपल्याही असू शकेल.