कंत्राटावर घडविलेले पोलीस

गाझाविषयी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी संमत केलेल्या २८०३ क्रमांकाच्या ठरावात पॅलेस्टिनी पोलिसांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. हे प्रशिक्षण कोण देणार आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न वरवर प्रशासकीय वाटतो. मात्र अफगाणिस्तान आणि इराकमधील अनुभव पाहता तोच कळीचा ठरण्याची शक्यता आहे. या दोन्ही देशांत पोलीस दल उभारताना अमेरिकेने प्रशिक्षणाचा मोठा भार खासगी कंपन्यांच्या कंत्राटी प्रशिक्षकांवर टाकला होता.

त्यामागे एक जुने कारण आहे. अमेरिकेत राष्ट्रीय पोलीस दल नाही. शहरे, काउंटी आणि राज्ये यांच्या मिळून सुमारे १८ हजार स्वतंत्र पोलीस यंत्रणा आहेत. परदेशी पोलिसांना शिकविणारे सरकारी कार्यालय एके काळी होते. परंतु त्याने तयार केलेली दले छळ करतात, असे आरोप वाढल्यावर अमेरिकी काँग्रेसने १९७४ मध्ये अशा प्रशिक्षणावर बंदी घातली. पुढे बंदीला अपवाद जोडले गेले, पण शेकडो प्रशिक्षक एकदम परदेशी धाडण्याची सरकारी क्षमता पुन्हा निर्माण झाली नाही. त्यामुळे २००३ मध्ये परराष्ट्र खात्याने हे काम डाइनकॉर्प या कंपनीकडे सोपविले आणि कंपनीने प्रामुख्याने निवृत्त वा रजेवरील स्थानिक पोलिसांना करारावर घेतले.

अफगाण पोलिसांची जबाबदारी २००२ मध्ये प्रथम जर्मनीने स्वीकारली होती. काबूलच्या अकादमीत अधिकाऱ्यांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम तिने सुरू केला. तो सावकाश चालणारा होता आणि शिपायांपर्यंत पोहोचत नव्हता. अमेरिकेने त्यावर उतारा शोधला तो आठ आठवड्यांच्या मूलभूत प्रशिक्षणाचा. पुढे युद्ध तीव्र झाल्यावर तो काळ सहा आठवड्यांवर आणण्यात आला. भरती झालेल्यांपैकी बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. अमेरिकेतील एखाद्या लहान गावात वीस वर्षे गस्त घातलेल्या पोलिसाने दुभाष्यामार्फत अशा तरुणांना शिकवायचे, तेही नोंदवही, पुरावा, फिर्याद या गोष्टी! शिवाय वर्गातून बाहेर पडलेल्या शिपायाला बऱ्याच ठिकाणी चौकी नव्हे, तर तालिबानच्या हल्ल्याच्या तोंडावरील नाके सांभाळावे लागे. प्रशिक्षकाचे वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलरहून अधिक असे, तर २००६ मध्ये शिपायाला दरमहा सुमारे ७० डॉलर मिळत आणि तेही वेळेवर मिळतीलच याची शाश्वती नसे.

प्रशिक्षक वाईट होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेकांना काम मनापासून करायचे होते. अडचण करारातच होती. किती प्रशिक्षक पुरविले, किती जणांचे वर्ग पूर्ण झाले, याची मोजणी सोपी असते. त्या शिपायाने सहा महिन्यांनी लाच घेतली की तक्रार नोंदविली, हे मोजण्याची तजवीज कंत्राटात क्वचितच असते. हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत नेपाळ, भूतान, मालदीवचे अधिकारी येतात, तेव्हा त्यांच्यामागे एक स्थायी संस्था असते. कंत्राटी प्रशिक्षकाचा करार संपला की त्याचा अनुभवही त्याच्याबरोबर घरी जातो.

पैशाचा हिशेबही समाधानकारक नव्हता. इराकमधील पोलीस प्रशिक्षणाच्या सुमारे १.२ अब्ज डॉलरच्या कंत्राटाबाबत, बहुतांश रकमेच्या मोबदल्यात नेमके काय मिळाले हे परराष्ट्र खात्याला सांगता येत नाही, असा निष्कर्ष इराक पुनर्बांधणीच्या विशेष महानिरीक्षकांनी ऑक्टोबर २००७ मध्ये काढला. प्रशिक्षकांच्या निवासासाठी बगदादमध्ये ४ कोटी ३८ लाख डॉलर खर्चून मागविलेली छावणी वापरलीच गेली नव्हती. मंजुरीविना बांधलेला ऑलिम्पिक आकाराचा जलतरण तलाव मात्र तेथे होता. तरीही अफगाण पोलिसांच्या प्रशिक्षणाचे सुमारे एक अब्ज डॉलरपर्यंतचे नवे कंत्राट डिसेंबर २०१० मध्ये पुन्हा डाइनकॉर्पलाच मिळाले. केवळ कंपनीला दोष देऊन भागणारे नाही. अटी लिहिणारे आणि देयके मंजूर करणारे सरकारच होते.

या नोकरीची किंमत प्रशिक्षकांनीही मोजली. ९ नोव्हेंबर २०१५ रोजी जॉर्डनमध्ये अम्मानजवळील मुवक्कर येथील पोलीस प्रशिक्षण केंद्रात एका जॉर्डनी पोलीस अधिकाऱ्याने केलेल्या गोळीबारात दोन अमेरिकी आणि एक दक्षिण आफ्रिकी कंत्राटी प्रशिक्षक, तसेच दोन जॉर्डनी नागरिक ठार झाले. प्रशिक्षणाचे केंद्र तुलनेने सुरक्षित, हा समज त्या दिवशी मोडला.

डाइनकॉर्प २०२० मध्ये अमेंटम या कंपनीत विलीन झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाण राष्ट्रीय पोलीस दल काही दिवसांत विरघळून गेले. प्रशिक्षक मायदेशी परतले होते. प्रशिक्षित शिपायांना ती सोय नव्हती. १५ ऑगस्ट २०२१ ते ३० जून २०२३ या काळात माजी सरकारी अधिकारी आणि सुरक्षा दलांतील किमान २१८ जणांच्या न्यायबाह्य हत्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अफगाणिस्तानातील मोहिमेने केली असून, त्यांत पोलिसांचाही समावेश आहे.