उशिराची खूण

शाळेची घंटा झाल्यावर धांपा टाकीत येणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही आजवर हजेरीपुस्तकांत उशिराची खूण करून मगच वर्गांत घेत आलों. ही खूण नेहमींच न्याय्य असते काय, असा प्रश्न यंदा आमच्यापुढें उभा राहिला आहे. तो पालकांपुढेंही ठेवावा म्हणून हा लेख.

जुहूस समुद्र आहे, विमानतळ आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन येथेंच उतरले. आगगाडीचें स्टेशन मात्र नाहीं. विलेपार्लें, सांताक्रूझ किंवा अंधेरी येथें उतरून बस अथवा रिक्षा धरावी लागते. जुहू म्हटलें कीं परक्यास बंगले व मोटारी आठवतात, परंतु त्या बंगल्यांतील स्वयंपाकिणी, पहारेकरी, आणि (सांगण्यास संकोच कशाचा?) आमच्यापैकीं कित्येक शिक्षक नालासोपारा-विरारहून येतात. विरार ते अंधेरी हें अंतर सुमारें 38 किलोमीटर आहे.

या मार्गावर 12 एप्रिल 1867 रोजीं विरारहून पहिली उपनगरी गाडी निघाली, तेव्हां सकाळीं जाणारी व संध्याकाळीं परतणारी अशी एकच गाडी होती. 1928 सालीं बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली. 1992 सालीं स्त्रियांसाठीं स्वतंत्र गाडी सुटली. गाड्या वाढल्या, गर्दी त्यांहून वाढली. कारण परवडणारें घर वर्षानुवर्षें उत्तरेस सरकत आहे आणि काम त्याच्यामागें जात नाहीं. दूर ब्राझील देशांत रिओ दि जानेरोच्या मुख्य स्टेशनांत उतरणारा कामगारही याच कारणास्तव पहाटे घर सोडतो.

अंधेरीच्या गोखले पुलाचेंच पाहा. 3 जुलै 2018 रोजीं त्याचा एक भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर 2022 मध्यें पूल वाहतुकीस बंद झाला. फेब्रुवारी 2024 मध्यें नव्या पुलाची एक बाजू उघडली, तों जुहूकडे येणारा बर्फीवाला पूल त्यास जुळेना. दोहोंत जवळजवळ माणसाच्या उंचीइतका फरक! (आमच्या गणिताच्या शिक्षकांस फळ्यावर मांडावयास एक उदाहरण मिळालें, एवढाच काय तो लाभ.) जुना पूल उचलून जोडीपर्यंत जुलै 2024 उजाडला, आणि सर्व पूल खुला होण्यास मे 2025. या अडीच वर्षांत पूर्वेकडून येणाऱ्या मुलांच्या नांवांपुढें आम्हीं ज्या खुणा केल्या, त्या कोणाच्या आळसाच्या? पांच मिनिटांच्या वाटेवर राहून उशिरा येणाऱ्यास ही सबब लागू नाहीं, हें तो जाणतोच.

आणखी एक गोष्ट. मागें एका विद्यार्थ्यानें वडिलांवरील निबंधांत केवळ रविवारचेंच वर्णन केलें होतें. आम्हीं तो अपुरा म्हणून परत केला. पुढें कळलें कीं इतर दिवशीं वडील निघतात तेव्हां मुलगा निजलेला असतो, आणि परततात तेव्हांही. निबंध पूर्णच होता. अशा घरीं गृहपाठावर दुसऱ्याच दिवशीं पालकांची सही मागणें आम्हांस आतां योग्य वाटत नाहीं. ती सोमवारीं मागावी.

मध्य रेल्वेनें 2023 सालीं आपल्या मुंबईंतील कचेरीच्या दोन वेळा ठरविल्या. आमच्या पालकांपैकीं ज्यांच्या हातीं कचेऱ्या आहेत, त्यांनीं हें करून पाहावें. ज्यांच्या घरीं विरारहून बाई येते, त्यांनीं तिच्या उशिराचे पैसे कापण्यापूर्वीं त्या दिवसाच्या गाड्यांची चौकशी करावी. आम्हींही मुख्याध्यापकांस विनंती केली आहे कीं, जूनपासून हजेरीपुस्तकांत उशिराच्या खुणेशेजारीं आणखी एक रकाना असावा: विद्यार्थी कोठून येतो.