दाताचा फोटो आणि शिशाचा ॲप्रन

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ सातवीतल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. तिचे दात वेडेवाकडे येत असल्याने दंतवैद्यांनी पूर्ण जबड्याचा फोटो काढायला सांगितला होता. तो काढून झाला आणि गृहस्थांची झोप उडाली. "डॉक्टरसाहेब, पोरीला शिशाचा ॲप्रन घातलाच नाही हो. पुढं काही होणार नाही ना?"

मी विचारले, "असा फोटो यापूर्वी कधी काढला होता का?"

"दिवाळीत काढला होता, दुसऱ्या डॉक्टरांकडं."

"मग तो यांना दाखवला का?"

"असेल घरात कुठंतरी."

माझ्या मते ॲप्रनपेक्षा काळजी या गोष्टीची करायला हवी होती.

क्ष-किरणांची भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सला एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य होते. १८९६ सालापासून ते दातांचे फोटो काढत आणि यंत्र जुळवताना स्वतःचा हात किरणांसमोर धरत. त्यापायी आधी बोटे, मग हात, शेवटी दंडही कापावा लागला. पण त्या काळी एका फोटोला कित्येक मिनिटे लागत. आज सेकंदाचा काही अंश पुरतो.

आपल्या अंगावर निसर्गातूनच, म्हणजे जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून, वर्षाला सरासरी २४०० मायक्रोसिव्हर्ट किरणोत्सर्ग पडत असतो. एका-दोन दाढांच्या छोट्या फोटोत साधारण पाच मायक्रोसिव्हर्ट मिळतात, म्हणजे निसर्ग एका दिवसात देतो त्याहून थोडे कमीच. पूर्ण जबड्याच्या फोटोत तीन-चार दिवसांइतके. अलीकडे निघालेला जबड्याचा त्रिमिती स्कॅन मात्र वेगळा. यंत्र कोणते आणि भाग किती घेतला यावर तिथला आकडा काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत जातो. तो सांगितला तर "साध्या फोटोत भागणार नाही का?" असे जरूर विचारावे, मुलांच्या बाबतीत तर नक्कीच.

आता ॲप्रन. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या तज्ज्ञांनी सांगितले की दातांच्या फोटोसाठी शिशाचा ॲप्रन आणि गळ्याचा पट्टा नेमाने घालण्याची गरज उरलेली नाही. गर्भवतींनाही नाही आणि मुलांनाही नाही. आम्ही शिकलो त्याच्या उलटच हे, त्यामुळे वाचताना मीही थबकलो. पण कारण पटण्याजोगे आहे. किरणांचा झोत दातावर रोखलेला असतो, पोटापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही. उलट गळ्याचा पट्टा जबड्याच्या मोठ्या फोटोत आडवा आला तर फोटो बिघडतो आणि पुन्हा काढावा लागतो. दंतवैद्यांनी ॲप्रन घातला तर हुज्जत घालू नका, नाही घातला तर घाबरू नका.

मग संरक्षण कशात आहे? झोत अरुंद असण्यात. गोल नळीऐवजी चौकोनी तोंडाची नळी वापरली की किरण घेणारा भाग जवळपास निम्मा होतो. जुन्या मंद फिल्मऐवजी डिजिटल सेन्सर असण्यात. आणि फोटो पहिल्याच वेळी नीट येण्यात. आपल्याकडे फिल्म तोंडात घालून "बोटानं धरा" म्हणण्याची सवय आहे. बोट हलते, फोटो तिरका येतो, मग दुसरा काढतात. त्यासाठी होल्डर मिळतो आणि तो काही महाग नसतो. यंत्राची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे करावी लागते. ती आहे का, हे विचारण्यात काहीही गैर नाही. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

भीतीचाही एक डोस असतो, आणि तो मी स्वतः एका बाईला दिला आहे. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पाचवा महिना, दाढ ठणकत होती, दंतवैद्यांनी फोटो सांगितलेला. "गरोदरपणी फोटो नको, बाळंतपणानंतर बघू," असे म्हणून मी दुखण्यावरच्या गोळ्या देऊन घरी पाठवले. दहाव्या दिवशी तिला नवऱ्याने उचलून आणले. हनुवटीखाली सूज, अंगात ताप, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना. तशीच जिल्ह्याच्या रुग्णालयात धाडली. पू काढावा लागला, आठवडाभर सलाईन चालले. आई आणि बाळ दोघे वाचले. फोटोतून त्या बाळापर्यंत जे पोचले असते ते नगण्य होते. दाढेतला पू नगण्य नव्हता. आज मी अशा बाईला एवढेच सांगतो की दिवस गेले आहेत हे दंतवैद्यांना आधी सांगा, आणि तरीही फोटो हवा म्हणाले तर काढून घ्या.

दाढ दुखते म्हणून काढलेल्या फोटोला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तोंडही न उघडता, आल्याआल्या सगळ्यांचा सरसकट फोटो काढण्याला, आणि आपण जुने फोटो हरवण्याला. लग्नाचा अल्बम आपण तीस वर्षे जपतो, एक्स-रेचा लिफाफा मात्र माळ्यावर उंदरांच्या हवाली करतो. फिल्म नसेल तर दंतवैद्यांकडून फोटो मोबाइलवर मागून घ्या आणि डॉक्टर बदलताना सोबत न्या.

ते गृहस्थ परवा पुन्हा आले होते. दिवाळीतला फोटो कपाटात साड्यांच्या खाली सापडला म्हणे. दंतवैद्यांनी दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावून पाहिले आणि पुढचा फोटो आता वर्षभर तरी नको म्हणाले.