बाबांचा फंड आणि तीन सिग्मा

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर सांभाळून घ्या.)

क्वालिटी कंट्रोलच्या प्रॅक्टिकलला आपण सगळेच शाफ्टचे व्यास मोजून कंट्रोल चार्ट काढतो, सही घेतो आणि विसरतो. वॉल्टर शुहार्टने १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये असताना तो शोधला. मधली रेघ, वर-खाली तीन सिग्माच्या रेघा. बिंदू आत असेल तर मशीनला हात लावायचा नाही, कारण उगाच सेटिंग बदलत बसलं की माल जास्तच बिघडतो.

आमच्या घरी मात्र बाबा रोज सकाळी चहाबरोबर म्युच्युअल फंडाची एनएव्ही बघतात. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी कोसळला. बाबांनी त्याच आठवड्यात सगळे पैसे काढून एफडीत टाकले. त्या दिवशी २५,९८१ वर बंद झालेला सेन्सेक्स नोव्हेंबरमध्ये ४३,००० च्या वर होता. घरात हा विषय अजून कोणी काढत नाही.

कंट्रोल चार्ट असता तर बाबा वाचले असते, असं माझी रूममेट म्हणते. मला ते पटत नाही. त्या दिवशीचा बिंदू रेघेबाहेरच गेला असता! पण बाहेर गेलेला बिंदू 'कारण शोधा' एवढंच सांगतो, 'विका' असं सांगत नाही. आणि कारण फंडात नव्हतंच, अख्खा बाजार पडला होता.

म्हणून चार्ट किमतीचा काढूच नये. फंडाचा महिन्याचा परतावा वजा त्याच्या निर्देशांकाचा परतावा, हा फरक मांडावा आणि मधली रेघ शून्यावर ठेवावी. दिवाळीच्या सुट्टीत मी एक्सेलमध्ये तसा काढला. मार्च २०२० चा बिंदू निमूट आत बसला. पण २०१८ मध्ये सलग आठ बिंदू शून्याच्या खाली! नाणं आठ वेळा उडवून आठही वेळा काटा पडण्याची शक्यता २५६ मध्ये एक. बाबा धरण फुटायची भीती बाळगून होते आणि इकडे नळ गळत होता. अशा गळतीसाठी पेजने १९५४ मध्ये मांडलेला क्यूसम चार्ट अजून चांगला, तो लहान लहान फरकांची बेरीज करत जातो.

बाजार शाफ्टसारखा शहाणा नसतो, हे मान्य. मोठे धक्के नॉर्मल कर्व्हच्या हिशोबापेक्षा जास्त येतात, म्हणजे खोटे अलार्मही जास्त वाजणार. तरीही रोजच्या एनएव्हीपेक्षा महिन्याला एक बिंदू मला बरा वाटतो.

चार्ट बाबांना दाखवला. चष्मा काढून म्हणाले, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

तेव्हा मी सातवीत होते.