वहीतली नावं

डिसेंबर २०१७च्या सुरुवातीला देवगड बंदरात अचानक मल्याळम आणि तमिळ बोली ऐकू येऊ लागल्या. ओखी वादळातून वाचलेल्या ६८ बोटी आणि ९५२ मच्छिमार आपल्या किनाऱ्याला लागले होते. त्याच दिवसांत तिकडे त्रिवेंद्रमच्या किनाऱ्यावर चर्चचे फादर याद्या करत होते. कुठल्या घरातून कोण गेलं, कुठल्या बोटीवर, बरोबर कोण होतं. बेपत्ता माणसांचा सरकारी आकडा आणि चर्चचा आकडा जुळेना; चर्चचा मोठा होता. धर्मग्रामाच्या वहीत बाप्तिस्म्यापासून प्रत्येकाचं नाव असतं, आणि कोण परतलं नाही हे घरोघरी जाणाऱ्यालाच आधी कळतं.

यंदाचा अंक दर्यावर्दींसाठी काढायचं ठरलं ते या वहीमुळे.

दर्यात गेलेल्याचं शव मिळालं नाही, तर कायदा सात वर्षं त्याला मृत धरत नाही. तोवर भरपाईचा कागद हलत नाही आणि बाईला धड रडताही येत नाही. ओखीनंतर केरळात ही अट सैल करावी लागली. अशा घरात जाऊन बसणं हे आमच्या मते पहिलं धर्मकार्य. उत्तन, पाचूबंदर, मढच्या कोळीवाड्यांत नाळेवर क्रूस मिरवणाऱ्या होड्या आहेत, मोत माउलीला केलेले नवस आहेत. पण होडीवर पवित्र पाणी शिंपडून फादरांचं काम संपत नाही, हे थॉमस कोचेरींनी दाखवून दिलं. हे रिडेम्प्टरिस्ट संघाचे धर्मगुरू केरळच्या मच्छिमार वस्तीत राहायला गेले, पावसाळ्यातली ट्रॉलर-मासेमारी बंद व्हावी म्हणून उपोषणाला बसले, आणि परदेशी जहाजांना खोल समुद्र खुला करण्याच्या धोरणाविरुद्ध सगळ्या किनाऱ्यांवरचे मच्छिमार त्यांनी एकत्र आणले. धर्मगुरूने राजकारण करावं का, असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. जाळं रिकामं येत असताना नुसत्या प्रार्थनेवर थांबणं आम्हाला अपुरं वाटतं. २०१४मध्ये कोचेरी गेले. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या ६१ दिवसांत मासळीला अंडी घालायला उसंत मिळते.

मच्छिमाराला निदान गाव असतं. मालवाहू जहाजावरच्या खलाशाचं धर्मग्राम कुठलं? जहाज एका देशाच्या मालकाचं, झेंडा दुसऱ्याचा, माणसं चार देशांची. ४ ऑक्टोबर १९२० रोजी ग्लासगोत मोजक्या कॅथलिक मंडळींनी यावर उपाय काढला : खलाशी चर्चमध्ये येऊ शकत नसेल, तर आपण जहाजाची शिडी चढायची. दोन वर्षांनी पोप अकरावे पायस यांनी या कामाला मान्यता दिली. आज ते ‘स्टेला मारिस’ या नावाने चालतं. समुद्राची तारका हे मारियामातेचं जुनं नाव. शिडी चढून येणारा फादर किंवा स्वयंसेवक सिम कार्ड आणतो, लोकरीची टोपी आणतो, पगार झाला का विचारतो. धर्म विचारत नाही. कंटेनर जहाज आता बंदरात जेमतेम एखादा दिवस थांबतं, तेवढ्यात हे सगळं उरकायचं असतं.

मालकाने पगार, अन्नपाणी बंद करून जहाजासकट वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांची संख्या २०२४मध्ये ३ हजारांवर गेली. त्यांत सर्वांत जास्त भारतीय होते. बंदरात उभ्या जहाजावरून उतरायचीही त्यांना पुष्कळदा परवानगी नसते. अशा वेळी शिडीवर दिसणारा तो एक माणूस किती मोठा असतो, हे परत आलेल्या कुठल्याही खलाशाला विचारावं.

वाचकहो, तुमच्या आळीत, वाडीत, सोसायटीत कुणीतरी या दिवाळीला बोटीवर असेल. त्याच्या घरी फराळाचं ताट घेऊन जा. तो कुठल्या जहाजावर आहे, शेवटचा फोन कधी आला, हे नीट विचारून घ्या आणि लिहून ठेवा.