सातबारा पाहिला, सळई कोण पाहणार?

महाडची पाच मजली ‘तारिक गार्डन’ 24 ऑगस्ट 2020 रोजी कोसळली. 16 जणांचा जीव गेला, आणि इमारत जेमतेम दशकभराची होती.

तरी नागोठण्यात जुने घर घेणारा उतारा आणि ताजा रंग पाहून इसार देतो! अंबेकाठच्या या गावाने जुलै 1989चा महापूर सोसला आहे. भिंतीत मुरलेली ओल, वाशांतली वाळवी, स्लॅबमध्ये गंजून फुगलेली सळई रंगाखाली सहज दडते. स्ट्रक्चरल इंजिनीअर रिबाउंड हॅमरने काँक्रीट तपासतो, तडे कुठून निघाले ते शोधतो.

महापालिका हद्दीत 30 वर्षांवरील इमारतींना अशी तपासणी बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीच्या गावात ग्राहकालाच ती करून घ्यावी लागते. दलाली निमूट मोजणाऱ्यांनी इसारापूर्वी इंजिनीअरचा लेखी अहवालही मागावा.