मित्र मरतात, पण फुकट नाही

‘हेलब्लेझर’ या भयकथा-कॉमिकमधली दुय्यम पात्रं निव्वळ धक्का द्यायला मारली जातात, हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचं मत पटलं नाही.

१९८८च्या पहिल्या दोन अंकांतला गॅरी लेस्टरच घ्या. हेरॉइनच्या पुरता आहारी गेलेला हा घाबरट माणूस जुन्या मित्राकडे मदत मागायला येतो आणि हा मित्र, म्हणजे नायक जॉन कॉन्स्टंटाइन, त्याला न्यूयॉर्कला नेऊन तिथे धुमाकूळ घालणारं भुकेचं पिशाच्च त्याच्याच देहात कोंडतो. शहर वाचतं. गॅरी मात्र पुढे भूत होऊन जॉनच्या मागे लागतो. लेखक जेमी डेलानो यांनी नायकाला दोषी ठरवायची घाई केली नाही आणि सुटूही दिलं नाही. धक्काच द्यायचा असता, तर भुतांचा हा लबेदा कशाला वाढवला असता?

पुढचे लेखक गार्थ एनिस यांच्या कथेतला जॉनचा मित्र ब्रेंडनही दारूपायी मरतोच. पण त्याचा आत्मा न्यायला आलेल्या सैतानाला जॉन पवित्र पाण्याची बिअर पाजतो. मित्राचा जीव जातो, आत्मा वाचतो. (असा वात्रटपणा भयकथेत मला फार आवडतो.)

तीनशे अंकांत काही मरणं साचेबद्ध झाली, हे मान्य. पण पत्रलेखक जॉनची प्रेयसी किट रायनला विसरले. जॉनला शोधत आलेले गुंड तिच्यावर हात टाकतात, तेव्हा ती त्याला सोडून सरळ बेलफास्टला निघून जाते. जिवंत!

आपला,
एक जुना वाचक